तानपुरा शेवटच्या रांगेपर्यंत: तालुक्याच्या गावात शास्त्रीय गायनाची बैठक ठरवताना

शनिवार, १८ जानेवारी २०२५ रोजी आमच्या गावात ख्यालगायनाची तिकीट लावून बैठक झाली. गाव सांगली जिल्ह्यातलं, द्राक्षाच्या पट्ट्यातलं. ऑर्केस्ट्रा, लावणी, कीर्तन, भजन या सगळ्याला इथे गर्दी होते. पण तासभर एक राग ऐकायचा असेल तर सांगली, मिरज किंवा कोल्हापूर गाठावं लागतं आणि भैरवी सुरू झाली की शेवटच्या एसटीसाठी उठावं लागतं. आम्ही चौघांनी ठरवलं की एकदा तरी हे आपल्या गावात करायचं. आमच्यापैकी कोणीही यापूर्वी सार्वजनिक कार्यक्रम केला नव्हता. पहिले काही आठवडे कोणाला काय विचारायचं, हेही कळत नव्हतं. तुमच्याही मनात असं काही असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून तारखा आणि आकड्यांसकट लिहिते.

आम्ही चौघं म्हणजे मी, माझं औषधांचं दुकान आहे. माझे तबल्याचे सर. एक निवृत्त शिक्षक. आणि एक बागायतदार, ज्यांचा आवाज भजनी मंडळात सगळ्यात वरच्या पट्टीत लागतो. दिवाळी झाल्यावर सरांच्या ओसरीवर पहिल्यांदा बसलो. तेव्हा विधानसभेची आचारसंहिता चालू होती. २० नोव्हेंबरला मतदान, २३ला निकाल. तोपर्यंत कुठल्याही कचेरीत आमचं बोलणं ऐकून घ्यायला कोणाला सवड नसणार, हे उघड होतं. म्हणून ते दिवस आम्ही फक्त कलाकार आणि तारीख ठरवण्यात घालवले. पुढे लक्षात आलं की क्रम हाच बरोबर होता. आधी कलाकार, मग जागा, मग कागद.

गायिका पुण्याच्या. सरांच्या गुरुबंधूंकडून त्यांचा नंबर मिळाला. फोन करायच्या आधी माझ्या पोटात गोळा आला होता, कारण पैशाचं कसं बोलायचं ते समजत नव्हतं. सरांनी एकच सांगितलं, "आडवळणं घेऊ नका. आमचं गाव छोटं आहे, पैसे गोळा करून देणार आहोत, तुमचं मानधन काय, असं सरळ विचारा." तसंच विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं: स्वतःचे पस्तीस हजार, तबला आणि हार्मोनियमच्या साथीदारांना प्रत्येकी आठ हजार, आणि येण्याजाण्याची गाडी. साथीदारांचं मानधन वेगळं आणि आधी ठरलेलं असावं, यावर त्यांचा भर होता. मला तो फार आवडला. कुणी कलाकार "तुम्ही द्याल ते" म्हणाले तरी आकडा ठरवूनच घ्या. नाहीतर कार्यक्रमाच्या रात्री पाकीट देताना दोन्हीकडे अवघडलेपण येतं.

मग त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. "ताई, स्टेजवर मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेले स्पीकर, किती मिळतील? तानपुरे कुठले आहेत? आणि माणसं खाली बसणार की खुर्चीत?" त्या दिवशी मला तिन्हींची उत्तरं ठाऊक नव्हती. पुढचे दोन महिने आम्ही जे काही केलं ते या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठीच. तानपुरा शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू आला पाहिजे, हे माप आम्ही धरलं. जागा, पडदे, माईक, जनरेटर, तिकीट, सगळं त्याच मापाने मोजलं. तानपुरा ऐकू येत नसेल तर आपण गाणाऱ्याचा आवाज ऐकतो, पण तो स्वर कशाला धरून उभा आहे ते ऐकत नाही.

तारखेचं गणित रागाच्या वेळेवर आणि पंचांगावर सुटलं. गायिकेला मारवा या सूर्यास्ताच्या वेळच्या रागाने सुरुवात करायची होती, म्हणजे दिवेलागणीला कार्यक्रम सुरू व्हायला हवा. जानेवारीत आमच्याकडे साडेसहाच्या आत सूर्य मावळतो. सहाला सुरू करून साडेनऊला संपवलं तर रात्री दहाच्या मर्यादेचा प्रश्नच येत नाही आणि बाहेरगावची माणसंही घरी पोचतात. फेब्रुवारीत बारावीच्या आणि दहावीच्या परीक्षा, त्यात द्राक्षाची काढणी ऐन भरात. डिसेंबरात बागेतून कोणी डोकं वर काढत नाही. उरला जानेवारी. संक्रांत मंगळवारी, १४ला होती, तिच्यानंतरचा शनिवार धरला.

जागेसाठी सगळ्यांनी पहिलं नाव शाळेच्या सभागृहाचं घेतलं. भाडं जवळजवळ नाहीच. पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे वर पत्रा. टाळी वाजवली की ती तीनदा परत यायची. दुसरी कागदाची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो आणि तिथे आवाजाची मर्यादा दिवसाही ५० डेसिबल. निवासी भागात ती दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. बंद सभागृहातला कार्यक्रम सभागृहातच ऐकू येत असेल तर अडचण येत नाही, पण परवानगी मागताना शाळेचं नाव लिहिलं की प्रश्न वाढणार, असं आम्हाला दोघा-तिघांनी सांगितलं. आम्ही शाळा सोडली.

पौष कामाला आला. आमच्याकडे पौषात लग्नं जवळपास नसतात, त्यामुळे एरवी चाळीस हजारांच्या खाली न मिळणारी मंगल कार्यालयं रिकामी असतात. गावाबाहेर एक छोटं कार्यालय आहे, स्लॅबचं, दोनशे-सव्वादोनशे माणूस मांडी घालून बसेल इतकं. मालकांशी बोलून साफसफाई आणि विजेसकट बारा हजारांत ठरलं, अनामत पाच हजार वेगळी. तुम्हाला जागा शोधायची असेल तर पौष जरूर बघा. दिवसा बघितलेली जागा संध्याकाळी सहाला परत जाऊन बघा, हेही सांगेन. आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या बागेत ट्रॅक्टरवरचा ब्लोअर चालू होता आणि आत उभं राहून एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. फवारणी संध्याकाळीच चालते, वारा पडलेला असतो म्हणून. आमचे बागायतदार त्या शेतकऱ्याकडे गेले आणि काय करतोय ते समजावून सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, त्या दिवशी मी पहाटेच उरकतो. पण मला पण यायचंय." त्याने तीन तिकिटं घेतली.

आता कागद. आमची नोंदणीकृत संस्था नव्हती. अर्ज व्यक्तीच्या नावानेही करता येतो, पण पैसे गोळा करायचे तर पावती कोणाच्या नावाची, हिशेब कोणाचा, हे प्रश्न येतातच. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला आम्ही विनंती केली. त्यांनी कार्यकारिणीत ठराव केला की कार्यक्रम वाचनालयाचा, जबाबदारी आमची चौघांची, जमाखर्च वाचनालयाच्या खात्यातून. या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत पुढे प्रत्येक ठिकाणी लागली. नवी संस्था काढण्याच्या मागे लागू नका, त्यात वर्ष जाईल. गावात जुनी, हिशेब चोख असलेली संस्था असतेच. तिच्याकडे जा.

करासाठी वाचनालयाच्या हिशेबनिसांना विचारलं. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर संगीताच्या कार्यक्रमाला जीएसटी लागत नाही. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कलाकाराने सादरीकरणासाठी घेतलेलं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावरही नाही. आम्ही दोन्ही मर्यादांच्या खूप खाली होतो, त्यामुळे हा विषय दहा मिनिटांत संपला. सगळं मानधन मात्र खात्यावर पाठवलं आणि पावत्या घेतल्या.

पोलीस ठाण्यात अर्ज १६ डिसेंबरला दिला. अशा अर्जांचं काम गोपनीय शाखेत असतं, ठाणे अंमलदारांनी तिकडे पाठवलं. अर्जासोबत वाचनालयाचा ठराव, कार्यालयाच्या मालकांचं संमतीपत्र, आयोजकांच्या आधारकार्डाच्या प्रती, ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्याचं नाव-पत्ता, अंदाजे उपस्थिती आणि वेळेचं हमीपत्र असं सगळं जोडलं. तिथल्या हवालदारांनी अर्ज वाचून विचारलं, "मॅडम, डीजे आहे का?" मी म्हटलं, "नाही साहेब, तानपुरे आहेत." त्यांनी मला अर्जात दोन ओळी वाढवायला सांगितल्या: कार्यक्रम बंदिस्त सभागृहात आहे आणि बाहेर कर्णा किंवा स्पीकर लावणार नाही. त्या दोन ओळींनी काम खूप सोपं झालं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का न विसरता घ्या. पुढे चौकशीला गेल्यावर सगळं त्या क्रमांकावरच शोधतात.

त्यानंतरची वाट बघणं कठीण होतं. नववर्षाचा बंदोबस्त, मग संक्रांतीच्या यात्रा, त्यामुळे आमचा कागद मागे राहणं स्वाभाविक होतं. पण तिकिटं विकली जात होती आणि हातात परवानगी नव्हती. रात्री झोप उडायची. दर आठवड्याला एकदा शांतपणे जाऊन विचारायचं, एवढंच केलं. परवानगीचं पत्र बुधवारी, १५ जानेवारीला मिळालं. त्यात वेळ, आवाजाची मर्यादा, रस्त्यावर गाड्या न लावणं अशा अटी होत्या. त्याच्या चार प्रती काढल्या. एक दारावर चिकटवली, एक ध्वनिव्यवस्थेवाल्याला दिली.

तानपुऱ्यांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. मिरज आमच्यापासून तासाभरावर. तिथे दीडशेहून अधिक वर्षं तंतुवाद्यं बनतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, त्यांची कबरही तिथल्या दर्ग्यात आहे. ख्यालगायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते आणि आमच्या शेजारच्या कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच शिकले. इतकं सगळं तासाभराच्या अंतरावर असून आमच्या गावातल्या शाळेतल्या मुलांनी खरा तानपुरा पाहिलेला नव्हता, याचं मला वाईट वाटत आलं आहे.

मिरजेतल्या एका कारागिरांकडे गेलो. मी तानपुऱ्याची जोडी भाड्याने हवी म्हटल्यावर ते म्हणाले, "गाणार कोण, बाई का बुवा?" मी नाव सांगितलं. "नाव नको, पट्टी सांगा." मला काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, एवढंच माहीत होतं, ते सांगितलं. पुरुषांच्या काळी एक-दोनचा तानपुरा आणि बायकांच्या काळी चारचा तानपुरा यात भोपळ्याचा आकार, दांडीची लांबी, तारांची जाडी, सगळंच वेगळं असतं. मोठा तानपुरा ओढूनताणून वर चढवला तर तो बोलत नाही, तार तुटते. त्यांनी दोन वाद्यं काढली, पंढरपूर भागातले भोपळे, तुणाच्या लाकडाची दांडी. घोडीवरची जवारी, म्हणजे तार जिथे टेकते तो झंकार देणारा घासलेला भाग, एका वाद्यात थोडी बसली होती. ती ते कानसेने घासत, परत तार चढवत, तारेखालचं सूत हलवत, परत काढत. मध्येच म्हणाले, "चाचींचा चहा घ्या, घाई केली की जवारी बिघडते." दोन तास गेले. सूत बरोबर जागी आल्यावर तारेतून जो झंकार उठला त्याने दुकानासमोरून जाणारा एक मुलगा सायकल थांबवून उभा राहिला. जोडीचं भाडं आणि जवारीचं काम मिळून दोन हजार घेतले. वाद्यं गाडीत आडवी ठेवायची, तुंब्याखाली उशी, आणि तारा थोड्या उतरवून, अशी सूचना देऊन पाठवलं.

मारव्यात पंचम, म्हणजे प, नाही. त्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादात, म्हणजे नी या स्वरात, मिळवायची आणि मध्यंतरात ती पंचमाला आणायची, हे गायिकेनी आधीच कळवलं होतं. तानपुऱ्यावर बसायला सरांच्या वर्गातल्या दोन मुली तयार केल्या. त्या रोज संध्याकाळी एक तास फक्त छेडत बसायच्या. एका लयीत, कुठल्याही तालात न शिरता, तारा हळुवार मोकळ्या सोडत. दोघींनी नंतर सांगितलं की गाणं शिकताना जे कळलं नव्हतं ते या एक तासात कळलं.

ध्वनिव्यवस्थेसाठी गावातल्या मोठ्या नावाच्या माणसांकडे गेलो नाही. कीर्तनाला साऊंड लावणारे एक गृहस्थ आहेत, ते निवडले, कारण कीर्तनकाराचा शब्द कळला पाहिजे ही त्यांची सवय होती. त्यांना लेखी दिलं: गायिकेला एक माईक, हार्मोनियमला एक, तबल्याला दोन, तानपुऱ्यांना एक-एक. स्टेजवर दोन मॉनिटर. इको बंद, पूर्णपणे. "थोडा तरी ठेवू का, आवाज भरतो," असं ते म्हणाले. आम्ही एकदा इको बंद करून आणि एकदा चालू ठेवून तानपुरा ऐकवला. त्यांनी स्वतःच बटण शून्यावर आणलं. सात हजार रुपये घेतले. वीज गेली तर म्हणून जनरेटर अडीच हजारांचा, आणि तो कार्यालयाच्या मागे भिंतीपलीकडे, शक्य तितका लांब.

स्लॅबचं कार्यालय पत्र्यापेक्षा बरं, तरी मागची भिंत आवाज परत फेकत होती. घराघरांतून सतरंज्या आणि घोंगडी गोळा केली आणि त्या भिंतीवर दोरीने टांगली. खाली जाजम. माणसं खाली बसणार हे ठरलेलंच होतं; गुडघे दुखणाऱ्यांसाठी कडेने चाळीस खुर्च्या. खाली बसलेला माणूस कलाकाराच्या नजरेच्या उंचीवर येतो आणि दाद थेट पोचते. स्टेज दीड फूटच ठेवलं. फळ्या करकरत होत्या, म्हणून खाली पोती घातली. मागे साधा पडदा. फ्लेक्स लावला नाही.

तिकिटाबद्दल आमच्यात सगळ्यात जास्त चर्चा झाली. निवृत्त शिक्षकांना वाटत होतं की फुकट ठेवलं तर माणसं येतील. मी उलट मताची होते आणि आजही आहे. ज्याने पैसे दिले तो वेळेवर येतो, मध्ये उठत नाही, आणि शेजारी बोलायला लागला तर त्याला गप्प करतो. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कुठल्या संस्थानिकाच्या खजिन्यातून नव्हे, सामान्य माणसांच्या पाठिंब्यावर. गाणं आपलं आहे असं वाटायला ते आपल्या पैशानं व्हायला हवं. शेवटी मोठ्यांना दोनशे, विद्यार्थ्यांना पन्नास असं ठरलं. फुकट पास कोणालाच नाही, आम्हाला स्वतःलाही नाही.

विक्री फार हळू झाली. नवीन वर्ष उजाडलं तेव्हा पन्नाससुद्धा गेली नव्हती. "पास आहे का?" हा प्रश्न दिवसातून कितीदा यायचा. काही ओळखीच्यांनी तोंड फिरवलं, ते लागलं. पण जिथून अपेक्षा नव्हती तिथून आधार मिळाला. भजनी मंडळांतल्या माणसांनी एकगठ्ठा तिकिटं घेतली. मालकंस, भूप, भैरवी त्यांच्या गळ्यात रोज आहेत. एक आजोबा म्हणाले, "नाव नाही माहीत गं पोरी, पण सूर हललेला मला झोपेत पण कळतो." कार्यक्रमाला यायला हवेत ते हेच लोक, आणि आजवर त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. तुम्ही करणार असाल तर पहिली फेरी डॉक्टर-वकिलांकडे नको, भजनी मंडळांकडे मारा. शेवटी मोठ्यांची १६८ आणि विद्यार्थ्यांची ४१ तिकिटं गेली.

तिकिटांवर खर्च निघत नाही, हे आधीच गृहीत धरा. आम्ही बारा जणांकडून पाच-पाच हजार देणगी घेतली. त्यांची नावं तिकिटाच्या मागे छापली, स्टेजवर वाचली नाहीत. ही अट सगळ्यांनी आनंदाने मान्य केली.

१८ तारखेला कलाकार दुपारी एकच्या सुमाराला पोचले. जेवण साधं ठेवलं होतं, भाकरी, मुगाची आमटी, दही नाही. विश्रांतीला खोली, गरम पाणी, आणि कार्यालयात आतून कडी लागणारी स्वच्छ खोली व स्वच्छतागृह. बाई कलाकार असतील तर ही शेवटची गोष्ट आदल्या दिवशी स्वतः जाऊन तपासा. वाद्यं तीन वाजताच स्टेजवर नेऊन ठेवली, कारण गारठा वाढला की मिळवलेलं वाद्य हलतं. त्या हवेत ती आधी रुळली पाहिजेत. चारला आवाजाची तपासणी. गायिका मॉनिटर कमी करत गेल्या, करत गेल्या आणि तानपुरे वाढवत गेल्या. मग त्यांनी मला शेवटच्या भिंतीपाशी उभं केलं आणि तिथून विचारलं, "ताई, निषाद येतोय का?" येत होता.

साडेपाचला दार उघडलं, दारात तिळगूळ. सहा वाजून पाच मिनिटांनी शाल-श्रीफळ, दोन वाक्यांची ओळख, आणि दिवे मंद न करता सुरुवात. श्रोत्यांचे चेहरे दिसले पाहिजेत, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

मारवा ऐकायला सोपा नाही, विशेषतः पहिल्यांदा ऐकणाऱ्याला. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यावरच सगळा भार, षड्ज समोर असून त्यावर टेकायचं नाही, पंचमाचा आधार नाही. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात पहिली दहा मिनिटं सभागृहात चुळबुळ होती. मुलं इकडेतिकडे बघत होती, कोणी घसा साफ करत होतं. मला भीती वाटली की आपण फार अवघड गोष्ट गावासमोर ठेवली. मग एका जागी गायिका रिषभावर थांबल्या, खूप वेळ, आणि षड्जावर आल्या, तेव्हा पुढच्या रांगेतून भजनी मंडळातल्या कोणाचा तरी "अहाहा" आला. तिथून सभागृह बदललं. खिडकीबाहेर अंधार पडत होता आणि आत द्रुत, म्हणजे जलद, तीनतालात ताना सुरू झाल्या होत्या. सव्वासातला मारवा संपला तेव्हा टाळ्या उशिरा आल्या, पण आल्या त्या थांबेनात. मी हिशेबाच्या वहीवर डोकं टेकवून रडले. दोन महिन्यांचा ताण होता, आणि ते गाणंही होतं.

मध्यंतर वीस मिनिटांचं, चहा बाहेर, कप आत आणायचा नाही. तानपुरे पंचमात मिळाले. नंतर शुद्ध कल्याण, एक नाट्यपद, एक अभंग आणि भैरवी. अभंगाला सगळं सभागृह टाळी धरून होतं. नऊ पंचविसाला संपलं. एक स्थानिक पुढारी आले होते, त्यांनी भाषणाचा आग्रह धरला नाही, शेवटपर्यंत मांडी घालून बसले. त्यांचे आभार.

एकूण खर्च शहाण्णव हजार पाचशे. मानधनं एक्कावन्न हजार, कलाकारांची गाडी नऊ हजार, कार्यालय बारा, ध्वनिव्यवस्था सात, जनरेटर अडीच, तानपुरे दोन, राहणं-जेवण साडेपाच, छपाई अडीच, चहा-तिळगूळ साडेतीन, किरकोळ दीड. जमा पंच्याण्णव हजार सहाशे पन्नास: तिकिटांचे पस्तीस हजार सहाशे पन्नास आणि देणग्यांचे साठ हजार. साडेआठशे कमी पडले, ते चौघांनी घातले. हिशेबाचा कागद वाचनालयाच्या फलकावर लावला.

सोमवारी तानपुरे मिरजेला परत दिले, त्याच आठवड्यात कार्यालयाची अनामत मिळाली, घोंगडी ज्याची त्याला पोचवली. वाचनालयात आता एक फाईल आहे: ठरावाचा मजकूर, पोलीस ठाण्याच्या अर्जाचा नमुना, हमीपत्र, ध्वनिव्यवस्थेची यादी, मानधनाच्या पावत्यांचा नमुना. पुढच्या वर्षी सतारवादन करायचा विचार आहे. सतारीला साऊंडची तयारी वेगळी लागते असं सर म्हणतात, आणि पुढच्या पौषासाठी कार्यालय आत्ताच सांगून ठेवलं आहे.